युरोपा युनिव्हर्सॅलिस ४: बंडं थांबतच नाहीत? तहाच्या पडद्यापासून तपासणी सुरू करा

युरोपा युनिव्हर्सॅलिस ४ या कॉम्प्युटरवरच्या राज्यविस्ताराच्या खेळात हे नेहमीचंच: युद्ध जिंकलं, तह झाला, नकाशावर आपला रंग दुप्पट पसरला. दोन वर्षांत एका कोपऱ्यात फुटीरतावादी उठले. ते मोडेपर्यंत दुसऱ्या कोपऱ्यात शेतकऱ्यांचं बंड, त्यापाठोपाठ धर्मासाठी उठलेले वेगळेच. फौज नुसती धावतेय, मॅनपॉवर (भरतीसाठी उरलेली माणसं) तळाला गेलीय, कर्जाचं व्याज चालूच आहे, आणि हे सगळं बघून शेजारी सीमेवर सैन्य आणून बसलाय. एवढं करून बंड मोडलं तरी काही वर्षांनी तेच प्रांत, तेच बंडखोर, तोच झेंडा.

यावर बहुतेक जण आणखी पलटणी भरती करतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. अनरेस्ट, म्हणजे प्रांतातला असंतोष, ही पाच-सहा वेगवेगळ्या कारणांची बेरीज असते आणि प्रत्येक कारणाचा उपाय वेगळा. त्यातली मोठी कारणं तुम्ही तहावर सही केली त्याच क्षणी ठरलेली असतात. बंडखोर दिसायला लागतात तेव्हा आपण खरं तर दोन-तीन वर्षं उशिरा आलेलो असतो.

उदाहरणाला बहमनी घेऊ. १४४४ मध्ये बिदरहून सुरुवात, उत्तरेला माळवा आणि खानदेश, पश्चिमेला गुजरात, दक्षिणेला विजयनगर. मराठी खेळाडू हमखास इथूनच सुरुवात करतात, आणि बंडांचा धडा शिकायला यापेक्षा चांगली जागा नाही: सुलतान मुस्लिम, प्रजा बहुतांशी हिंदू, म्हणजे एक इंचही जमीन जिंकायच्या आधी अनरेस्टचं एक कारण घरातच आहे. मी म्हणतोय ते ऑटोमन, मॉस्को, कास्टिल सगळ्यांना लागू पडतं, फक्त आकडे हलतात.

आधी आकड्यावर माउस न्या

विजयनगरकडून नुकताच घेतलेला एखादा प्रांत उघडा आणि अनरेस्टच्या आकड्यावर माउस ठेवा. जी यादी येते ती साधारण अशी असते:

सेपरॅटिझम (फुटीरतावाद): +१५
ओव्हरएक्स्टेन्शन (घेतलेली पण न पचलेली जमीन), ८० टक्के: +४
परधर्मीयांबद्दलची कमी सहिष्णुता: +३
वॉर एक्झॉशन (युद्धाचा थकवा), ३ असेल तर: +३
स्टॅबिलिटी (देशाचं स्थैर्य), +१ असेल तर: −१

बेरीज २४. राजाची लेजिटिमसी (गादीवरच्या हक्काचं वजन), मान्य नसलेली संस्कृती, सल्लागार, अशा बारीकसारीक गोष्टी वर-खाली होतील, पण चित्र हेच. अनरेस्ट शून्याच्या वर असला की दर महिन्याला त्या बंडखोर गटाची प्रगती १० टक्क्यांची एक पायरी चढण्याची शक्यता असते, आणि अनरेस्ट जितका जास्त तितकी ती शक्यता जास्त. १०० झाले की उठाव. २४ वर बसलेला प्रांत ही पायरी झपाझप चढतो, ५ वरचा रडतखडत चढतो. म्हणून सगळे प्रांत शून्यावर आणायचा अट्टहास नको. २४ चे ६ झाले की निम्म्याहून जास्त डोकेदुखी गेलेली असते.

आता ही यादी वरून खाली वाचा. सगळ्यात मोठा आकडा सेपरॅटिझमचा आहे, आणि नेमका त्यालाच लगेच हात लावता येत नाही. प्रांत तुमच्याकडे आला की ३० वर्षांचा सेपरॅटिझम चिकटतो, प्रत्येक वर्षाचा अर्धा पॉइंट, म्हणून १५. दर वर्षी तो अर्ध्या पॉइंटने उतरतो. त्याला उतार म्हणजे काळ, आणि ह्युमॅनिस्ट आयडिया (पॉइंट देऊन निवडायच्या धोरणांचा एक संच), ज्यांच्याकडे मी खाली येतो. पण बाकीची जी १० आहेत ती तुमच्या हातात आहेत, आणि तिथेच बहुतेक सेव्ह (चालू ठेवलेले खेळ) फसलेल्या असतात.

ओव्हरएक्स्टेन्शन: पॉइंट नसताना जमीन घेतली

कोअर नसलेला, म्हणजे अजून रीतसर तुमचा न झालेला, प्रत्येक प्रांत त्याच्या डेव्हलपमेंटच्या (विकासाच्या आकड्याच्या) प्रमाणात ओव्हरएक्स्टेन्शन वाढवतो. १०० टक्क्यांना सगळ्या देशात +५ अनरेस्ट. 'सगळ्या देशात' हे शब्द महत्त्वाचे आहेत: तुम्ही तुंगभद्रेच्या काठचे प्रांत घेतलेत म्हणून बिदरच्या जवळचे जुने, शांत प्रांतही तापतात. शिवाय स्टॅबिलिटी वाढवणं महाग होतं आणि शेजाऱ्यांशी संबंध सुधारायचा वेग मंदावतो. १०० च्या वर गेलात की एकामागून एक वाईट इव्हेंट सुरू होतात, आणि ते फार वाईट असतात. ९९ आणि १०१ यांत दिसायला दोनचा फरक आहे, खेळायला आभाळाएवढा.

हा आकडा तहाच्या पडद्यावर सही करण्याआधीच दिसतो. तो न बघता 'शंभर वॉरस्कोअर (युद्धात मिळवलेले गुण) आहे तर शंभराचं घेऊ' हा जो मोह आहे ना, निम्मी बंडं त्याची आहेत.

हिशेब असा करा. कोअर बनवायला ॲडमिन पॉइंट लागतात, मूळ दर एका डेव्हलपमेंटला १०. टेरिटरी म्हणून, म्हणजे स्टेटचा पूर्ण दर्जा न देता, ठेवलात तर त्याच्या निम्मे. आधी क्लेम (त्या जमिनीवरचा दावा) लावलेला असेल तर १० टक्के सूट, कायमचा क्लेम असेल तर २५ टक्के. समजा ६० डेव्हलपमेंटची जमीन घेतली आणि टेरिटरीच ठेवायची आहे: ३०० पॉइंट. तुमचे महिन्याचे पॉइंट म्हणजे ३ हातचे, राजाच्या ॲडमिनचे ० ते ६, सल्लागाराचे त्याच्या पातळीप्रमाणे. राजा ३, सल्लागार पहिल्या पातळीचा असेल तर महिन्याला ७, वर्षाला ८४. म्हणजे तिजोरी रिकामी असताना ही जमीन घेतली तर नुसते पॉइंट जमवायलाच साडेतीन वर्षं, त्यावर कोअर तयार व्हायला मूळ ३६ महिने. सहा-साडेसहा वर्षं तुम्ही ओव्हरएक्स्टेंडेड. आणि त्या काळात टेक्नॉलॉजी घेता येत नाही, स्टॅबिलिटी वाढवता येत नाही, कारण सगळे पॉइंट कोअरिंगने खाल्ले.

एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही: कोअरचं काम सुरू केलं म्हणून ओव्हरएक्स्टेन्शन कमी होत नाही. काम पूर्ण झालं की होतं. त्यामुळे सगळे प्रांत एकदम लावायला पॉइंट पुरत नसतील तर सगळ्यात जास्त डेव्हलपमेंटचे आधी लावा. तीन बारके प्रांत लावून समाधान मानण्यात अर्थ नाही.

नियम म्हणून सांगायचं तर युद्ध पुकारण्याआधी तहात काय घेणार ते ठरवा, त्याचे पॉइंट हातात असू द्या, आणि हातात नसतील तर कमी घ्या. उरलेल्या वॉरस्कोअरचे पैसे घ्या, शत्रूला त्याच्या मित्रांशी करार तोडायला लावा. जमीन पळून जात नाही. पुढच्या वेळी ती तिथेच असेल, आणि तह जितका हलका तितकी तहानंतरच्या युद्धबंदीची मुदत कमी: ५ वर्षांपासून सुरू होऊन पूर्ण शंभराच्या तहाला १५ वर्षांपर्यंत जाते. दोन मध्यम तह एका राक्षसी तहापेक्षा बहुधा लवकर पूर्ण होतात, आणि मधल्या काळात देश तुमच्या हातात राहतो.

इतिहासात याचं मोठं उदाहरण आपल्याच अंगणात घडलंय. औरंगजेबाने १६८६ मध्ये विजापूर आणि १६८७ मध्ये गोवळकोंडा घेतलं. नकाशावर बघितलं तर मुघल सत्ता तेव्हा जवळजवळ सगळ्यात मोठी. पण दोन श्रीमंत राज्यं गिळली की त्यांचे सरदारही गिळावे लागतात: दक्षिणेतल्या नव्या मनसबदारांना द्यायला जहागिरी पुरेनात, कागदावर मिळालेल्या जहागिरीतून वसूल येईना, आणि मराठ्यांशी लढता लढता बादशहाचा मुक्काम शेवटपर्यंत दख्खनमध्येच पडला, १७०७ मध्ये अहमदनगरला मरेपर्यंत. गेमच्या भाषेत, शंभर टक्क्यांच्या वरचा तह आणि ॲडमिन पॉइंट शून्य.

वॉर एक्झॉशन

यावर फार बोलण्यासारखं नाही. प्रत्येक पॉइंटमागे देशभर +१ अनरेस्ट. ७५ डिप्लोमॅटिक पॉइंट खर्चून २ ने खाली आणता येतं. तह झाल्या झाल्या करून टाका. लोक हे बटण विसरतात, कारण ते युद्धाच्या पडद्यावर नसतं. लांबलेली युद्धं, विशेषतः ज्यात तुमचे स्वतःचे प्रांत शत्रूने व्यापलेत, ती जिंकूनही हरल्यासारखी असतात.

मिशनरी धाडायची घाई

बहमनी खेळताना हा फसायचा हुकमी मार्ग. यादीत धर्माचे +३ दिसतात, म्हणून जिंकलेल्या प्रांतात लगेच मिशनरी. धर्मांतर चालू असेपर्यंत त्या प्रांतात +६ अनरेस्ट. आपल्या उदाहरणातल्या २४ चे ३० झाले. वरून डेव्हलपमेंट जास्त असलेल्या प्रांतात धर्मांतर रखडतं, म्हणजे ते +६ वर्षानुवर्षं बसून राहतात.

सेपरॅटिझम निम्म्यावर आल्याशिवाय मिशनरी पाठवू नका. आणि बहमनीसारख्या देशात मुळात पाठवावा का, हाच प्रश्न विचारा. एवढी प्रजा तुम्ही बदलणार कधी? इथे माझं मत पक्कं आहे: दख्खनमध्ये ह्युमॅनिस्ट घ्या, आणि लवकर घ्या. सहिष्णुता वाढते, देशभर अनरेस्ट २ ने उतरतो, आणि सेपरॅटिझमची १० वर्षं कमी होतात. १० वर्षं म्हणजे नव्या प्रांतावर सुरुवातीलाच ५ पॉइंट कमी. वरच्या यादीतल्या न हलणाऱ्या १५ ला हलवणारा हा जवळजवळ एकमेव उपाय. रिलिजस आयडियांचं आकर्षण मला समजतं, परधर्मीय शेजाऱ्यांविरुद्ध कायमचं युद्धकारण फुकट मिळतं, पण ज्याची बहुसंख्य प्रजा आधीच त्याच्या धर्माची आहे त्याने ती घ्यावीत. बहमनीने नाही.

सोबत इस्टेटकडेही, म्हणजे राज्यातल्या वजनदार समाजगटांकडेही, लक्ष असू द्या. २०१८ च्या धर्मा या डीएलसीपासून (खेळाच्या वेगळ्या विकत घ्यायच्या भागापासून) भारतातल्या राज्यांना ब्राह्मण, राजपूत, मराठे असे आपले इस्टेट मिळाले. मराठ्यांचं इस्टेट बघून आपल्यातल्या कुणाला गंमत वाटली नसेल तर नवल. त्यांची निष्ठा टिकवणं हे पलटणी भरण्यापेक्षा स्वस्त आहे.

ऑटोनॉमी: १५०० मध्ये औषध, १६२० मध्ये विष

प्रांताच्या पडद्यावर ऑटोनॉमी (प्रांताची स्वायत्तता) वाढवायचं बटण आहे. दाबलं की ऑटोनॉमी २५ ने वर, अनरेस्ट १० ने खाली. उत्पन्न आणि मॅनपॉवर कमी होते, आणि हेच बघून लोक बटण दाबायला कचरतात. पण नव्या टेरिटरीतून तसंही तुम्हाला काय मिळतंय? मिळत नसलेलं उत्पन्न वाचवण्यासाठी दहा हजार बंडखोर अंगावर घेणं हा उफराटा व्यवहार आहे. नवे, तापलेले, परधर्मी प्रांत: तह झाल्याच्या दिवशीच वाढवा. जुने, श्रीमंत, स्टेटमधले: हात लावू नका.

आपलं उदाहरण पुढे नेऊ. २४ मधून ऑटोनॉमीचे १० गेले, राहिले १४. वॉर एक्झॉशन २ ने उतरवलं, १२. तीन वर्षांत कोअर झाले, ओव्हरएक्स्टेन्शनचे ४ गेले, आणि तोवर सेपरॅटिझमही दीडने उतरला: साडेसहा. ह्युमॅनिस्ट असतील तर हाच आकडा शून्याच्या जवळ किंवा खाली. एकही लढाई न लढता.

पण खेळ साधारण १६१० च्या सुमारास कूस बदलतो. ॲब्सोल्युटिझमचं (राजाच्या अनिर्बंध सत्तेचं) युग सुरू झालं की ऑटोनॉमी वाढवणं म्हणजे ॲब्सोल्युटिझम घालवणं, आणि ॲब्सोल्युटिझम गेला की ॲडमिनिस्ट्रेटिव्ह एफिशियन्सी गेली, जी नेमकी ओव्हरएक्स्टेन्शन कमी करते. त्या काळात बंडखोरांना सक्तीने दडपणं, म्हणजे मिलिटरी पॉइंट देऊन गटाची प्रगती मागे ढकलणं, उलट ॲब्सोल्युटिझम वाढवतं. जे दीडशे वर्षं बरोबर होतं तेच आता चूक ठरतं, आणि जुन्या सवयीने खेळणारे इथे अडखळतात. दिलाशाची गोष्ट ही की ॲडमिन टेक्नॉलॉजी १७, २३ आणि २७ ला एफिशियन्सी मिळते, त्यामुळे शेवटच्या शतकात तेवढीच जमीन खूप कमी त्रासात पचते. मोठ्या विस्ताराचा हव्यास असेल तर तो तेव्हासाठी राखून ठेवा.

जमीन स्वतः न घेता घ्या

मला विचाराल तर सगळ्यात कमी वापरलं जाणारं हत्यार हे आहे. विजयनगरच्या ताब्यात ज्या छोट्या राज्यांचे कोअर अजून जिवंत आहेत, त्यांपैकी एकाचा एक प्रांत घ्या आणि त्या राज्याला व्हॅसल (मांडलिक) म्हणून मोकळं करा. पुढच्या युद्धात त्याचे कोअर परत मिळवण्यासाठी लढा. त्याच्या जुन्या जमिनीवर त्याला कोअरिंग करायचंच नाही, धर्म त्याचाच, संस्कृती त्याचीच, शेजाऱ्यांचा रागही कमी. ओव्हरएक्स्टेन्शन तुमच्या खात्यावर शून्य. १० वर्षांनी डिप्लोमॅटिक पॉइंट देऊन सामावून घेता येतो, मूळ दर डेव्हलपमेंटला ८, म्हणजे ॲडमिनवरचा भार डिप्लोमसीवर ढकलला.

मर्यादा आहेत. संबंधांचे स्लॉट मोजके. व्हॅसलची लिबर्टी डिझायर (स्वतंत्र होण्याची ओढ) ५० च्या वर गेली की तो सामावून घेता येत नाही, उलट शत्रूंशी संधान बांधायला लागतो. आणि त्याला भसाभस परकी जमीन भरवलीत तर तोही ओव्हरएक्स्टेंड होतो, त्याच्याकडेही बंडं होतात, आणि ती मोडायला पुन्हा तुमचीच फौज. त्याच्या कोअरपुरतं द्या.

अठराव्या शतकात मराठ्यांनी सुरुवातीला केलं ते याच्या जवळचं. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. वसुलाचा चौथा हिस्सा आणि वर दहा टक्के, पण सुभ्याचा रोजचा कारभार आणि त्याची डोकेदुखी दुसऱ्याच्या गळ्यात. गेममध्ये याला जुळेल असा हुबेहूब पर्याय नाही, पण विचार तोच.

शेजाऱ्यांचा राग

हे अनरेस्टमध्ये मोडत नाही, तरी एकाच तहातून दोन्ही जन्मतात म्हणून दोन ओळी. ॲग्रेसिव्ह एक्स्पान्शन (तुमच्या विस्ताराबद्दलचा राग) ५० च्या वर गेलेले, तुमच्याबद्दल मत बिघडलेले देश युती करून अंगावर येतात. बंडं चालू असताना युतीचं युद्ध म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. तुमच्याशी तह चालू असलेला देश युतीत शिरू शकत नाही, हे लक्षात ठेवून युद्धांची आळीपाळी लावा: एकदा दक्षिणेला विजयनगर, मग उत्तरेला माळवा, मग पूर्वेला ओडिशा. सगळे वार एकाच दिशेला करू नका.

आग आधीच लागलीय, तर

वरचं सगळं पुढच्या तहासाठी. सध्याच्या सेव्हमध्ये बंडखोरांच्या प्रगतीची पट्टी ८०-९० वर असेल तर वेगळं वागा.

गट लहान असेल तर सक्ती करा, मिलिटरी पॉइंट जातील, प्रगती मागे जाईल. गट मोठा असेल तर सक्ती महाग पडते आणि दोन वर्षांत पट्टी पुन्हा तिथेच. अशा वेळी उठू द्या. पण तुमच्या सोयीने. दुसरं युद्ध चालू नसताना, चांगला सेनापती नेमून, सैन्य त्याच भागात आधी नेऊन ठेवा. ज्या प्रांतात उठाव होऊन गेला त्यावर नुकत्याच उठावाचा शिक्का बसतो आणि तिथला अनरेस्ट कित्येक वर्षं जमिनीत गाडल्यासारखा होतो. एकदा तयारीने मोडलेलं बंड वर्षानुवर्षं पट्टी दाबत बसण्यापेक्षा बहुतेकदा स्वस्त. मॅनपॉवर तळाला असेल तर यासाठी भाडोत्री सैन्य घ्या, कर्ज काढावं लागलं तरी.

मागण्या मान्य करायचं बटण आंधळेपणाने दाबू नका, आधी मागणी वाचा. फुटीरतावाद्यांची मागणी मान्य म्हणजे प्रांत गेला. स्थानिक हक्कांसाठी उठलेल्यांची मान्य म्हणजे ऑटोनॉमी वाढली, जी कधीकधी तुम्ही तशीही वाढवणारच होतात. आणि गादीवर हक्क सांगणारा उठला असेल तर त्याचे गुण आणि तुमच्या सुलतानाचे गुण शेजारी ठेवून बघा. आपला ०-१-१ (ॲडमिन, डिप्लोमॅटिक, मिलिटरी) चा म्हातारा आणि समोरचा तरणाताठा ४-३-५ असेल, तर किंमत तपासा आणि परवडत असेल तर येऊ द्या त्याला. येणाऱ्या कोअरिंगला ते चार ॲडमिन कामाला येतील.